दोराला गाठ का नसते? मल्लखांबाची गोष्ट आणि आपला एक धडा

विष्णुपुरीहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं असेल ते करत करत ऐका. आज कर्जाचं बोलणार नाही, हप्त्याचंही नाही. आज एका दोराची आणि एका खांबाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट जुनी आहे, पण तिच्यात आमची एक चूक आहे. ती आधी कबूल करतो, मग इतिहासाकडं जाऊ.

दोन वर्षांमागं आमच्या वस्तीतल्या पोरींसाठी एका निवृत्त खेळाच्या सरांनी दोराचा मल्लखांब सुरू केला. एका भक्कम लोखंडी चौकटीला सुती दोर टांगला, खाली गाद्या टाकल्या. गटातल्या बायांच्याच सात-आठ पोरी जायच्या. पहिले पंधरा दिवस कुणालाच वर चढता येईना. दोर हातातून निसटायचा, पोरी हातभर चढून खाली यायच्या. सर म्हणायचे, "पायाच्या अंगठ्यानं दोर धरा, हातानं नुसतं ओढू नका." पोरी रडकुंडीला यायच्या. आम्हाला बघवेना. एके दिवशी आम्ही चार-पाच जणी सरांकडं गेलो आणि म्हटलं, "सर, लेकरांचे हात सोलायला लागले हो. दोराला थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारा ना. पाय ठेवायला आधार होईल." सर नको म्हणत होते. आम्ही हट्टच धरला. शेवटी गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून पोरी सरसर वर जायला लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी पोरी एका स्पर्धेला गेल्या. तिथला दोर गुळगुळीत, एकही गाठ नाही. आमच्या पोरींचे पाय गाठ शोधत राहिले. सगळ्या घसरल्या. एकीचे दोन्ही तळहात भाजल्यासारखे सोलून निघाले. त्या पोरीनं परत दोर धरला नाही.

तेव्हापासून आमच्या मनात एकच प्रश्न होता. दोराला गाठ का नसते? खेळ शिकवणाऱ्या जुन्या लोकांना लेकरांची दया नव्हती काय? त्याचं उत्तर शोधत गेलो आणि मल्लखांबाचा इतिहास हाती लागला. तोच आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी हे लक्षात घ्या की मल्लखांब हा मुळात खेळ नव्हता. तो दुसऱ्या एका खेळाचं शिकवणीचं साधन होता. नावातच आहे, मल्लाचा खांब. पैलवानाला रोज जोडीदार मिळतोच असं नाही, म्हणून लाकडाच्या खांबालाच जोडीदार समजायचं. त्याला मिठी मारायची, मांडीत धरायचं, त्याच्यावर पेच टाकायचे. आपल्याकडं माळेगावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिलाच असेल. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, हे आपल्या आधीच्या पिढीतल्या माणसांना पाठ आहे. अशा पैलवानांच्या मेहनतीसाठी मुदगल, गदा, जोर, बैठका जशा, तसाच हा खांब.

या खांबाचा जुना माग आपल्या अगदी जवळ सापडतो. निलंग्याच्या पलीकडं, आता कर्नाटकात बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. तेव्हाचं त्याचं नाव कल्याणी, चालुक्य राजांची राजधानी. देगलूर तालुक्यात होट्टलची जी कोरीव देवळं आहेत ना, ती त्याच चालुक्यांच्या काळातली. म्हणजे आपला मुलूख तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात, इ.स. ११३० च्या आसपास, 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. त्यात मल्लांवर एक प्रकरण आहे, आणि मल्लखांबाचा सगळ्यात जुना उल्लेख म्हणून अभ्यासक त्याच ग्रंथाकडं बोट दाखवतात.

त्यानंतर कित्येक शतकं या खांबाचं फारसं नाव ऐकू येत नाही. मग येतो दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा काळ. हे बाजीराव १७९६ ते १८१८ पेशवे होते. त्यांच्याकडं व्यायाम शिकवणारे बाळंभटदादा देवधर होते. अशी गोष्ट सांगतात की निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. निजामाचं राज्य म्हणजे तेव्हाचा आपलाच मुलूख, हे लक्षात घ्या. आव्हान घ्यायला कुणी पुढं येईना. तरुण बाळंभटदादांनी ते घेतलं आणि तयारीसाठी मुदत मागितली. मग ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथं झाडांवर माकडं कशी उड्या मारतात, फांदीला कशी पायानं धरतात, ते बघून त्यांना लाकडाच्या खांबावर सराव करायची युक्ती सुचली. काही जण म्हणतात मारुतीरायानं दृष्टान्त दिला. बाळंभटदादांनी परत येऊन कुस्ती जिंकली, असं ही गोष्ट सांगते.

गोष्टीतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. पण त्यातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बाळंभटदादांनी तयारीसाठी जे साधन निवडलं, ते सोपं नव्हतं. खांबाला धरायला खुंटी नाही, पाय ठेवायला खाच नाही. सागवानाचा किंवा शिसवाचा गुळगुळीत खांब, बुंध्याशी घेर साधारण ५५ सेंटीमीटर, वर निमुळता होत ३५ सेंटीमीटर, वरती मान आणि बोंड. उंची माणसापेक्षा जास्त. त्याला एरंडेल तेल चोळायचं. एरंड आपल्या बांधावर असतोच, त्याचं तेल किती चिकट आणि घट्ट असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेल लावल्यानं कातडं सोलत नाही, पण अंग सरकत राहतं. म्हणजे पकड ढिली पडली की खांब लगेच सांगतो. उगाच हाताच्या जोरावर लटकता येत नाही. मांड्या, पोट, पाठ, पायाची बोटं, सगळं कामाला लावावं लागतं.

साधन कसं असावं, याचा पहिला नियम आम्हाला इथं सापडला. चांगलं साधन शिकणाऱ्याचं काम स्वतः करत नाही. शिकणाऱ्याची चूक ते त्याला दाखवून देतं.

पण साधनाची दुसरी बाजूही याच इतिहासात आहे. खांब उलटून पेच टाकत नाही, धक्का देत नाही, डोळ्यात डोळे घालून बघत नाही. त्यामुळं खांबावर तयार झालेला गडी लवचीक आणि घट्ट पकडीचा होतो, पण समोरच्याचा डाव ओळखणं त्याला मातीतच शिकावं लागतं. म्हणून पैलवानानं आखाड्याची माती कधी सोडली नाही. आणि जे लोक खांबावरच रमले, त्यांच्या हातून हळूहळू वेगळीच विद्या तयार झाली. साधी उडी, तेढी, दसरंग, बगली, फिरकी, सुईदोरा, वेल, सलाम, आसनं. यातल्या बऱ्याच गोष्टींचा कुस्तीशी थेट संबंधच राहिला नाही. कुस्तीसाठी केलेलं साधन असं स्वतःच एक खेळ होऊन बसलं. ज्या साधनावर तुम्ही रोज शिकता, ते तुमची विद्या आपल्या वळणावर नेतं. हा दुसरा नियम.

खांबाचे प्रकार बघितले तर हे आणखी कळतं. पुरलेला मल्लखांब जागचा हलत नाही. टांगता मल्लखांब साखळीनं लोंबकळत ठेवतात, तो डोलतो, गोल फिरतो, म्हणून त्यावर तोल सांभाळायला वेगळंच कसब लागतं. आणि एक प्रकार आहे, त्याचं नाव ऐकून तुम्ही हसाल, 'निराधार मल्लखांब'. आपल्याकडं निराधार म्हटलं की तहसीलचे हेलपाटे आठवतात. इथं निराधार खांब म्हणजे जमिनीत न पुरलेला, नुसता उभा ठेवलेला खांब. चढणाऱ्याचा तोल गेला तर खांबासकट खाली. पुरलेल्या खांबावर ज्याचं अंग तयार झालंय, त्यानंच त्यावर चढायचं. म्हणजे जुन्या लोकांनी आधाराच्या पायऱ्या केल्या होत्या. आधी न हलणारं, मग हलणारं, मग आधारच नसलेलं.

आता आपल्या दोराकडं येऊ. दोराच्या मल्लखांबाच्या आधी वेताचा मल्लखांब होता. टांगलेल्या लांब वेतावर कसरती करायच्या. चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा सुती दोर आला. दोर साधारण साडेपाच मीटर लांब, जाडी एक ते दोन सेंटीमीटर. वेताला गाठ मारता येत नाही, हे लक्षात घ्या. दोराला मारता येते, तरी मारत नाहीत. कारण सगळी विद्याच पायाच्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात आहे. त्या दोन बोटांच्या बेचक्यात दोर धरायचा, पाय वर ओढायचा, मग हात वर न्यायचे. पुढं दोर मांडीला, कमरेला, पायाला गुंडाळून आसन बांधायचं असतं, आणि शेवटी अंगाभोवतीचे वेढे सोडवत उतरायचं असतं. दोराला गाठ असली तर वेढा बसत नाही आणि सुटतही नाही.

आम्ही गाठी मारायला लावल्या, तेव्हा पोरींचा पाय गाठीवर टेकायला शिकला. बोटांनी धरायला तो शिकलाच नाही. पोरी वर पोचत होत्या, म्हणून आम्हाला वाटलं शिकल्या. चढणं आणि चढायला शिकणं यातला फरक आम्हाला दिसला नाही.

दोरावर मुली आल्या कशा, हेही सांगायला हवं. खांबाला मांडीची उघडी पकड लागते, कपडे आखूड लागतात. म्हणून फार वर्षं खांब हा पुरुषांचाच धरला गेला. मुलींसाठी दोर सोयीचा ठरला. साधन बदललं आणि मुलींना दार उघडलं. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई लहानपणी बिठूरला, बाजीरावांच्या आश्रयाला असताना मल्लखांब शिकल्या, असं सांगतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं, आणि १९३६ साली त्यांच्या पथकानं जर्मनीत बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५८ साली दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब आला. १९८१ साली उज्जैनला मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा भरली. आता मुली दोराबरोबर पुरलेल्या खांबावरही स्पर्धा करतात. मल्लखांबासाठी पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मुंबईच्या हिमानी परब हिला. पहिला मान मुलीचा, बायांनो, हे घरी सांगा.

बाहेरच्या देशातली जिम्नॅस्टिक्सची गोष्टही यात बसते. तिथं पूर्वी घोडा असायचा, त्यावरून उडी मारायची. हा घोडाही मुळात साधनच होता, शिपायांनी घोड्यावर चढायचा सराव करायला केलेला. पुढं त्याचाच वेगळा खेळ झाला, आपल्या खांबासारखा. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये मुलींच्या स्पर्धेत तो घोडा चुकून ५ सेंटीमीटर कमी उंचीवर लावला गेला. नुसतं दोन-तीन बोटांचं अंतर. पण जगातल्या उत्तम मुली, ज्यांनी हजारो वेळा तीच उडी मारली होती, त्या एकामागून एक चुकायला लागल्या, पडायला लागल्या. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या एका खेळाडू मुलीच्या लक्षात आलं, तेव्हा उंची नीट केली. अंगाला साधनाची इतकी सवय होते. आमच्या पोरींचे पाय गाठ शोधत होते, यात पोरींचा काय दोष?

आणि एक आपल्या देशातली गोष्ट. त्रिपुराची दीपा कर्माकर. तिच्याकडं सुरुवातीला धड साधनंही नव्हती. जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून केलेल्या साधनावर तिनं सराव केला, असं तिच्याबद्दल छापून आलेलं आहे. तिचे तळपाय सपाट होते, जिम्नॅस्टला ते अडचणीचं. तिच्या सरांनी त्या पायांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती उडीच्या प्रकारात चौथी आली, पदक जेमतेम ०.१५० गुणांनी हुकलं. साधन महागाचं असलं तरच विद्या येते असं नाही, हे तिच्याकडून शिकावं. पण साधन जुनं-पुराणं चालतं म्हणून गादीशिवाय पोरी वर चढवा, असं कुणी समजू नका. गादी वेगळी आणि गाठ वेगळी.

हा फरक आम्हाला सरांनी समजावून सांगितला, तो तुम्हाला सांगतो. गादी पडल्यावर कामाला येते. ती शिकणं बदलत नाही, जीव वाचवते. ती हवीच, कितीही तयार खेळाडू असला तरी. गाठ चढतानाच कामाला येते, ती शिकणंच बदलून टाकते. आणि मधे असतो तो सरांचा हात. सर पोरीच्या कमरेजवळ हात नेतात, पण वजन घेत नाहीत. पोर घसरली तरच धरतात. पोर सावरली की हात चार बोटं मागं. तो आधार रोज थोडा कमी होत जातो, म्हणून तो चालतो. गाठ कमी होत नाही. ती आज जेवढी, तेवढीच सहा महिन्यांनी.

गादीलाही एक मर्यादा आहे. गादी फार मऊ, फार जाड असली तर लेकरं कशीही धपकन उतरतात, गुडघे वाकवून पायावर वजन झेलायला शिकत नाहीत. मग कडक जागी उतरायची वेळ आली की गुडघ्याला, घोट्याला मार बसतो. म्हणून उतरायला आधी कमी उंचीवरून शिकवतात, आणि गादी असली तरी ती नाही असं समजून उतरायला लावतात.

स्पर्धेवरून आल्यावर आम्ही सरांची माफी मागितली. सरांनी काही ऐकवलं नाही. नुसतं म्हणाले, "आता जुनं विसरायला लावायचं, मग नवं शिकवायचं." आणि खरंच, गाठीशिवाय चढायला पोरींना जेवढा वेळ पहिल्यांदा लागला असता, त्याच्या दुपटीनं लागला. पाय आपोआप सपाट टेकायचा. सरांनी त्यांना आधी दोरावर चढूच दिलं नाही. जमिनीवर बसवून नुसता बोटांत दोर धरायला लावला. मग बसल्या जागी पाय उचलायला. मग हातभर वर. आता सहा पोरी बिनगाठीच्या दोरावर वरपर्यंत जातात, दोघी आसनं लावतात.

सातवी पोर नाही. जिचे हात सोलले, ती. तेरा वर्षांची होती. घरी म्हणाले, "पुरे झालं आता, पोरीच्या जातीला कशाला." आम्ही दोनदा तिच्या घरी जाऊन आलो. तिची आई आमच्याच गटात आहे, बैठकीला येते, पण तो विषय काढला की गप्प बसते. दोष तिच्या घराचा आहेच, पण गाठीही त्याला कारण झाल्या. त्या दिवशी ती पडली नसती तर घरच्यांना बोलायला जागा मिळाली नसती. मायेनं केलेली गोष्ट लेकराच्या आड येऊ शकते, हे आम्ही असं शिकलो.

आणि मग आम्ही आमच्याच कामाकडं पाहिलं. तीन वर्षं आम्ही समन्वयक म्हणून काही गटांची पुस्तकं स्वतः लिहीत होतो. बायांना लिहायला वेळ लागतो, चुका होतात, बँकेत हेलपाटा होतो, म्हणून आम्हीच भराभर लिहून टाकायचो. एकदा आम्ही आजारी पडलो, तर दोन गटांची महिन्याची बैठकच झाली नाही. पुस्तक कुणाला उघडता येईना. तीही गाठच होती, आम्ही मारलेली. आता गटातली बाई लिहिते, आम्ही शेजारी बसतो. चुकली तर बोट ठेवतो, पेन हातात घेत नाही. पहिले दोन महिने फार खाडाखोड झाली. चालतंय.

तुमच्या गावात पोरींसाठी दोर लावायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. चौकट आणि दोर भक्कम आहे ना, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. झाडाच्या फांदीला दोर टांगू नका. खाली गादी हवीच, आणि शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय पोरींना चढू देऊ नका. गटाचे पैसे खर्च करायचे असतील तर आधी शिकवणाऱ्याच्या मानधनाचा आणि गादीचा विचार करा, दिखाऊ वस्तूंचा नंतर. आणि पोर पंधरा दिवस हातभरच चढली तर तिला घरी हसू नका, शिकवणाऱ्याकडं जाऊन सोपं करा म्हणू नका. तिचा पाय तेव्हा शिकत असतो.

त्या सातव्या पोरीच्या आईला आम्ही पुढच्या बैठकीनंतर परत भेटणार आहोत. या वेळी सरांनाही बरोबर नेणार आहोत, आणि तो बिनगाठीचा दोरही. पोरीनं नुसता बोटांत धरून बघावा, चढू नये, एवढंच म्हणणार आहोत. काय होतं ते तुम्हाला सांगूच.

येतो बायांनो. नमस्कार.